मीटर एक, घरं दोन: भाडेकरूंबरोबर वीज-पाण्याचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यात बावधनला बंगला. खाली घरमालक नवरा-बायको, वर नोकरी करणारी तीन मुलं भाड्याने. महावितरणचं मीटर एकच, वरच्या मजल्याला सब-मीटर. मे महिन्याच्या बिलात एकूण ४६० युनिट आले, त्यातले सब-मीटरवर ३१०. काकांनी आपल्या नेहमीच्या दीडशे युनिटचे पैसे वजा केले आणि बाकी सगळं बिल मुलांकडे मागितलं. मुलं म्हणतात, हे जास्त होतंय. त्यातच उन्हाळ्यात टँकर मागवावे लागले. त्याचे पैसे मुलं देत नाहीत, कारण करारात पाण्याचा उल्लेखच नाही. काकांनी शेवटी विचारलंय: पैसे येईपर्यंत वरचा मेन बंद ठेवला तर चालेल का?

काका, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. मेन बंद करू नका. एक दिवसही नको, रात्रीपुरताही नको. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याचं कलम २९ घरमालकाला भाडेकरूचं पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट असा अत्यावश्यक पुरवठा तोडायला मनाई करतं, आणि त्यासाठी शिक्षाही आहे. ‘आमचा लिव्ह अँड लायसन्स आहे, ती मुलं कायद्याने भाडेकरू नाहीतच’ असा मुद्दा वकील मांडू शकतील. पण तो मांडायची वेळ येईल तेव्हा तुम्ही पोलिस चौकीत बसलेले असाल. आज हिशेबाच्या वादात तुमची बाजू निदान बोलण्यासारखी आहे. मेन खाली ओढलात की ती राहणार नाही.

आता मूळ गोष्टीकडे येते. कोथरूड, कर्वेनगर, वारजे, बावधन या भागात मी बावीस वर्षं लोकांची भाड्याने दिलेली घरं सांभाळते. त्यातले बरेच मालक परदेशात आहेत, काही तुमच्यासारखे खालच्याच मजल्यावर राहतात. इतक्या वर्षांत भाड्यावरून झालेली भांडणं मी फार थोडी पाहिली. भाडं ठरलेलं असतं, ज्याला द्यायचं तो देतो. भांडणं होतात ती बिलांवरून, आणि जवळजवळ प्रत्येक वेळी मुळाशी एकच गोष्ट सापडते: जे मोजलेलं नाही ते अंदाजाने वाटलेलं असतं. म्हणून मी माझ्यापुरता एक नियम केलाय. जे मोजता येतं ते ज्याने वापरलं त्याने मोजमापाप्रमाणे भरावं. जे मोजता येत नाही ते आधीच भाड्यात धरावं. ‘बघू, येईल तसं वाटून घेऊ’ हा तिसरा मार्ग मी कुठल्याही करारात येऊ देत नाही.

तुमच्याकडे वीज मोजलेली आहे. मग वाद कशाचा? वाद स्लॅबचा आहे, आणि तो मुलांनी बरोबर ओळखलाय.

घरगुती विजेचे दर पहिल्या १०० युनिटला सर्वांत कमी असतात. १०१ ते ३०० ला बरेच जास्त, ३०१ ते ५०० ला आणखी जास्त आणि ५०० च्या वर सर्वांत जास्त. नेमके दर बदलत असतात आणि ते तुमच्या बिलाच्या मागे छापलेले असतात. समजायला सोपं जावं म्हणून मी गोल आकडे धरते: पहिल्या शंभराला ६ रुपये, पुढच्या दोनशेला १२, त्यापुढच्या दोनशेला १६. या दराने ४६० युनिटचे होतात ६०० अधिक २,४०० अधिक २,५६०, म्हणजे ५,५६० रुपये.

तुम्ही केलेला हिशेब असा: आपले दीडशे युनिट एरवी १,२०० रुपयांचे, ते वजा, उरलेले ४,३६० मुलांचे. युनिटच्या प्रमाणात वाटले तर मुलांचे होतात सुमारे ३,७४७ आणि तुमचे १,८१३. आणि मुलांचं मीटर स्वतंत्र असतं तर त्यांच्या ३१० युनिटचं बिल आलं असतं ३,१६०. वापर तोच, महिना तोच, तरी तीन पद्धतींनी तीन आकडे येतात. तुमच्या पद्धतीत स्वस्त युनिट सगळे तुमच्या वाट्याला गेले आणि महाग युनिट सगळे मुलांच्या. तुम्ही मुद्दाम केलं असं मला अजिबात वाटत नाही. वजाबाकी सोपी असते म्हणून बहुतेक घरमालक असंच करतात. पण मुलांकडे कॅल्क्युलेटर आहे आणि बिलाची मागची बाजूही आहे.

दोघांची स्वतंत्र बिलं आली असती तर ३,१६० अधिक १,२००, म्हणजे ४,३६० झाले असते; ५,५६० मधले वरचे १,२०० रुपये दोन्ही घरं एका मीटरवर असल्यामुळे वाढलेले आहेत. ते कुणी जास्त वीज वापरली म्हणून नाहीत. माझं मत स्पष्ट आहे: मीटर एकच ठेवायचा निर्णय मालकाचा, म्हणून तो फरक मालकाने सोसावा. भाडेकरूला त्याच्या युनिटचं स्वतंत्र बिल आलं असतं तेवढंच लावावं. स्थिर आकार निम्मा-निम्मा, वीज शुल्क ज्याच्या त्याच्या रकमेवर. फारच जड वाटत असेल तर युनिटच्या प्रमाणात वाटा. तेही वाईट नाही, फक्त ते करारात आधी लिहिलेलं हवं. वजाबाकी मात्र सोडून द्या.

खरा उपाय दुसरं मीटर. वरच्या मजल्याला स्वतंत्र जिना आणि स्वतंत्र स्वयंपाकघर असेल तर महावितरणकडे दुसऱ्या घरगुती जोडणीचा अर्ज करा. वीज कायदा, २००३ च्या कलम ४३ नुसार जागेचा मालकच नव्हे, ताबेदारही जोडणी मागू शकतो. तरी अर्ज मालकाच्याच नावाने करावा असं मी सांगते, म्हणजे भाडेकरू बदलला की नाव बदलायची खटपट नको. आणि मोबाइल नंबरही स्वतःचाच नोंदवा, म्हणजे बिल थकलं तर तो मेसेज आधी तुम्हाला येईल. थकबाकी जागेला चिकटते. भाडेकरू सोडून गेला तरी वीज तुमच्या घराची तुटते.

सब-मीटर ठेवणाऱ्यांना आणखी एक सांगते. काही पीजीवाले सरसकट युनिटला पंधरा-सोळा रुपये लावतात. महावितरणला जेवढे भरले तेवढेच वसूल करा, वर एक रुपयाही नको. विजेवर नफा काढला की तो विजेचा व्यापार झाला, आणि वीज कायद्याच्या कलम १२ प्रमाणे त्याला परवाना लागतो.

आता जिथे मला जास्त काळजी वाटते तिथे येते. काका, तुमच्या पाण्याची मोटर कोणत्या मीटरवर आहे ते तुम्ही तपासलंय का?

कर्वेनगरच्या एका बंगल्यात वर एक नर्स आणि तिची आई राहायच्या. दोन पंखे, एक फ्रिज, सकाळी थोडा वेळ गीझर. तरी सब-मीटर दर महिन्याला अपेक्षेपेक्षा तीस-पस्तीस युनिट जास्त दाखवायचा. आजींना वाटायचं आपणच दिवे चालू ठेवतो, त्या अंधारात बसायला लागल्या होत्या. मी एका सकाळी गेले, वरचा मेन बंद केला आणि जिन्यातल्या सब-मीटरसमोर उभी राहिले. या मीटरवर एक बारीक लाल दिवा असतो आणि बाजूला आकडा छापलेला असतो. त्यावर ३,२०० होता, म्हणजे एका युनिटला दिवा ३,२०० वेळा लुकलुकतो. मेन बंद, दिवा स्थिर. सगळं ठीक वाटलं. तेवढ्यात खालच्या आजोबांनी रोजच्या वेळेला मोटर लावली आणि दिवा लुकलुकायला लागला. घड्याळ लावून मोजलं तर तीन सेकंदांत दोनदा. एक हॉर्सपॉवरची मोटर साधारण तेवढी वीज खाते. टाकी गच्चीवर, म्हणून कधी काळी वायरमनने मोटरची वायर सब-मीटरच्या पुढे आणि वरच्या मेनच्या आधी जोडून टाकली होती. दोन्ही घरांचं पाणी चढत होतं आणि विजेचे पैसे त्या मायलेकी भरत होत्या. आजोबा सज्जन माणूस. त्यांनी त्याच संध्याकाळी वही काढून अकरा महिन्यांचा हिशेब केला आणि वर जाऊन पैसे दिले. आजींनी ते घेताना एवढंच विचारलं, “म्हणजे आमचं काही चुकत नव्हतं ना?” तो प्रश्न मी विसरलेले नाही.

म्हणून कुठल्याही घरात पहिल्यांदा सब-मीटर पाहते तेव्हा ही तपासणी मी भाडेकरूला शेजारी उभं करून करते. वरचं सगळं बंद, दिवा थांबला पाहिजे. मग मोटर, गेटचा दिवा, जिन्यातला दिवा एकेक चालू करायचा, मीटरचा लाल दिवा लुकलुकता कामा नये. मग फक्त गीझर. दोन किलोवॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट पडलं पाहिजे. तेवढं पडत नसेल किंवा जास्त पडत असेल तर मीटर बदला. अर्ध्या तासाच्या या कामाने पुढचे अकरा महिने शंका राहत नाही. सामाईक मोटर नेहमी मालकाच्या बाजूला असावी.

पाण्याचं वेगळं आहे. तुम्ही ते मोजलेलं नाही. तुमच्याकडे खाली दोन माणसं, वर तीन. बागेला पाणी तुमच्याकडचं, वॉशिंग मशीन दोन्हीकडे, आणि मुलं दिवसभर ऑफिसात. दहा हजार लिटरच्या टँकरमधलं कुणी किती वापरलं हे तुम्हालाही सांगता येणार नाही आणि त्यांनाही नाही. करारात ओळ नाही, त्यामुळे या वर्षीच्या टँकरचे पैसे हक्काने मागता येणार नाहीत. विनंती करता येईल, आणि विजेचा हिशेब आधी नीट करून दिलात तर मुलं कदाचित ऐकतील.

पुढच्या करारात दोनपैकी एक करा. वरच्या मजल्याला जाणाऱ्या नळाच्या लाइनवर अर्ध्या इंची पाण्याचं मीटर बसवा. हार्डवेअरच्या दुकानात मिळतं, प्लंबरचं तासाभराचं काम. किंवा गेल्या दोन उन्हाळ्यांचा टँकरचा खर्च काढून, त्यातला त्यांचा वाटा बारा महिन्यांवर पसरून भाड्यात घाला. मला दुसरा मार्ग जास्त आवडतो. भाडं तीनशे रुपयांनी जास्त आहे हे घर घेताना कळलं तर माणूस ते मान्य करून येतो. मे महिन्यात अचानक टँकरची पावती हातात आली तर त्याला फसवल्यासारखं वाटतं. आणि भाडेकरूने टँकरचे पैसे द्यावेत असं वाटत असेल तर त्याआधी वरचे फ्लश तपासा. रात्री सगळे झोपल्यावर टाकीची पातळी खुणेने बघा, पहाटे पुन्हा बघा. गळका फ्लश रात्रभरात किती पाणी नेतो ते दिसेल, आणि त्याची दुरुस्ती मालकाची जबाबदारी असते.

ज्यांचा फ्लॅट सोसायटीत आहे त्यांच्यासाठी थोडं. मेंटेनन्स कुणी भरायचा हे ठरवून घ्यायचं असतं. आमच्याकडे बहुतेक वेळा मालक भरतो आणि भाड्यात धरतो. पण त्या बिलातल्या सगळ्या ओळी सारख्या नसतात. सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी हे इमारतीच्या आयुष्याचे पैसे आहेत, ते भाडेकरूवर टाकू नका. नॉन-ऑक्युपन्सी चार्जेसही मालकाचेच. फ्लॅट भाड्याने दिल्याबद्दल सोसायटी ते सभासदाकडून घेते, आणि सरकारच्या २००१ च्या आदेशाप्रमाणे ते सेवा शुल्काच्या १० टक्क्यांहून जास्त लावता येत नाहीत. सोसायटी जास्त लावत असेल तर लेखी विचारा. उपविधींप्रमाणे पाण्याचा आकार फ्लॅटमधल्या नळजोडांच्या संख्येवर आणि आकारावर असतो, राहणाऱ्या माणसांवर नाही. ‘तुमच्याकडे बॅचलर चारजण आहेत’ म्हणून वेगळे पैसे मागितले तर हे दाखवा. महापालिकेचा मिळकतकर मालकाचा. आणि हे लक्षात असू द्या की स्वतः राहणाऱ्याला पुण्यात जी ४० टक्के सवलत मिळते ती भाड्याने दिलेल्या घराला नाही. तो फरक भाडं ठरवतानाच धरायचा, नंतर भाडेकरूकडे मागायचा नाही.

पाइप गॅसचं बिल दर महिन्याला येत नाही, म्हणून भाडेकरू जाताना ते नेहमी विसरलं जातं. विजेच्या रीडिंगबरोबर गॅस मीटरचाही फोटो काढायची सवय ठेवा. इंटरनेट भाडेकरूने स्वतःच्या नावाने घ्यावं, त्यात मालकाने पडूच नये.

आता माझ्याकडून झालेली चूक सांगते. वारज्याचा एक फ्लॅट, भाडेकरू मार्चअखेरीस सोडून गेला. शेवटचं बिल नेहमीपेक्षा कमी होतं, त्याने भरलेलं होतं, पावती दाखवली. मी मालकांना कळवलं की सगळं चुकतं झालंय, आणि डिपॉझिट परत दिलं. ते बिल मी नीट वाचलं नव्हतं. मीटर रूमला कुलूप असल्यामुळे रीडिंगच झालं नव्हतं, बिल सरासरीचं होतं. मे महिन्यात खरं रीडिंग घेतलं गेलं आणि मागचे सगळे युनिट एकदम नव्या भाडेकरूच्या बिलात आले. त्याला राहायला येऊन महिनाही झाला नव्हता. जुना भाडेकरू बंगळूरला गेलेला, फोन उचलेना. ते पैसे मी माझ्या खिशातून भरले, कारण चूक माझी होती. तेव्हापासून बिलाची रक्कम बघायच्या आधी मी त्यावरचं चालू रीडिंग आणि मीटरचा फोटो बघते. फोटो नसेल, रीडिंगच्या जागी दुसरंच काही लिहिलेलं असेल, तर ते बिल मी अंतिम मानत नाही.

घर सोडण्याच्या दिवशी भाडेकरूच्या समोर मीटरचा फोटो, त्यावर तारीख, दोघांच्या मोबाइलमध्ये. बिलावरचं मागचं रीडिंग आणि आजचं रीडिंग यातला फरक काढून पैसे तिथेच वळते करायचे. डिपॉझिट सगळं अडवून ठेवू नका. शेवटच्या दोन बिलांएवढी रक्कम बाजूला ठेवा, बाकी किल्ली घेताना देऊन टाका. आणि राहिलेली रक्कम किती दिवसांत द्यायची तेही लिहा. मी तीस दिवस लिहिते. तरुण मुलांचं दोन-तीन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमध्ये अडकलेलं असतं आणि पुढच्या घराचं डिपॉझिट त्यांना त्याच आठवड्यात भरायचं असतं. हा विचार मालकांनी करायला हवा.

महावितरणकडून वर्षातून एकदा अतिरिक्त सुरक्षा ठेवीचं वेगळं बिल येतं. वापर वाढला की ही ठेव वाढते. भाडेकरू ते आपलं बिल समजून भरतो किंवा घाबरून फोन करतो. ती ठेव जोडणीच्या नावावर जमा राहते, तिच्यावरचं व्याजही बिलातच वळतं होतं. म्हणजे ती मालकाने भरायची. भाडेकरूने चुकून भरली असेल तर भाड्यातून वळती करून द्या.

आणि वरच्या मजल्यावर क्लासेस, ऑफिस, असं काही चालू होत असेल तर वेळीच थांबवा किंवा रीतसर व्यावसायिक जोडणी घ्या. घरगुती मीटरवर व्यवसाय सापडला तर वीज कायद्याच्या कलम १२६ खाली लागू दराच्या दुप्पट आकारणी होते, आणि ती नोटीस तुमच्या नावाने येते.

हे सगळं करारात लिहिलेलं असावं, आणि करार नोंदणीकृत असावा. नोंदणीची जबाबदारी भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ ने मालकावर टाकली आहे. करार लेखी आणि नोंदलेला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरलं जातं, खोटं आहे हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. ऑनलाइन नोंदणीच्या ठरावीक मसुद्यात ‘वीजबिल भाडेकरू भरेल’ एवढंच असतं. तेवढ्यावर थांबू नका, इतर अटींच्या रकान्यात भर घाला: सुरुवातीचं रीडिंग, सब-मीटरचा हिशेब कोणत्या पद्धतीने, मोटर कुणाच्या मीटरवर, टँकरचं काय, शेवटच्या बिलासाठी किती रक्कम किती दिवस. पैसे खरोखरच थकले तर लेखी नोटीस द्या, डिपॉझिटमधून वळते करा आणि मुदत संपल्यावर करार वाढवू नका. मुदतीनंतर कुणी जागा सोडत नसेल तर त्याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाता येतं, आणि तिथे दुप्पट भाड्याने भरपाई मागता येते. हा रस्ता हळू आहे, पण तो तुमच्या बाजूचा आहे.

तर काका, या रविवारी वायरमनला बोलवा आणि मुलं घरी असतील अशी वेळ ठरवा. मोटरची तपासणी त्यांच्यासमोर करा. मग मे महिन्याच्या बिलाची मागची बाजू उघडून त्यावरच्या खऱ्या दराने ३१० युनिटचं स्वतंत्र बिल काढा आणि तेवढेच पैसे मागा. जास्त घेऊन झाले असतील तर जूनच्या बिलातून वळते करा. टँकरच्या पावत्या त्यांना दाखवा, हक्काने पैसे मागू मात्र नका. त्यांनी स्वतःहून काही दिलं तर घ्या. आणि सोमवारी दुसऱ्या मीटरचा अर्ज भरा.